नखांवरच्या रेघा, त्वचेवरचे चट्टे : वाचकांचे प्रश्न

त्वचा आणि नखे या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत रंगाचे वर्णन फार बारकाईने केलेले आहे. मात्र चट्टा शरीराच्या कोणत्या भागावर आहे आणि कोणता भाग त्यातून सुटला आहे, त्याला स्पर्श कळतो का, नखावरची खूण नखाबरोबर पुढे सरकते की जागच्या जागी राहते, याचा उल्लेख क्वचितच आढळला. त्वचारोगाचे निदान बरेचसे याच गोष्टींवर ठरत असल्यामुळे पुढील उत्तरांत त्यांच्यावर भर दिला आहे. पत्र वाचून निश्चित निदान करता येत नाही; काय पाहावे आणि किती तातडीने दाखवावे, एवढे मात्र सांगता येते.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मला तीव्र डेंग्यू झाला होता आणि रुग्णालयात राहावे लागले. आता दोन्ही हातांच्या सर्व नखांवर एक आडवी खाच दिसते. घरचे म्हणतात की कॅल्शियम कमी झाले आहे, तर औषधाच्या दुकानातून मला बायोटिनच्या गोळ्या मिळाल्या. ही खाच कशाची असेल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘सर्व नखांवर’ हे दोन शब्द फार उपयोगी आहेत. नख तयार होते ते त्वचेच्या घडीखाली दडलेल्या नखमुळात. तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा गंभीर संसर्ग अशा प्रसंगी नखमुळाचे काम काही दिवस मंदावते, आणि त्या काळात तयार झालेला नखाचा पातळ पट्टा पुढे आडव्या खाचेच्या रूपाने बाहेर येतो. जोसेफ बो या फ्रेंच वैद्याने १८४६ मध्ये या खाचांचे वर्णन केले, म्हणून त्यांना आजही ‘बो रेषा’ म्हणतात. एकाच बोटावर अशी खाच असेल, तर त्या बोटाला झालेली इजा, नखाच्या कडेची सूज किंवा नखाच्या मुळाशी सतत चाळा करण्याची सवय यांचा विचार करावा लागतो. सर्व बोटांवर एकाच उंचीवर असेल, तर कारण संपूर्ण शरीराला जाणवलेले असते.

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम १ ते दीड मिलिमीटर. त्यामुळे नखाच्या मुळाकडील घडीपासून खाचेपर्यंतचे अंतर मोजले की आजार केव्हा झाला याचा अंदाज बांधता येतो. खाच घडीतून बाहेर पडण्यापूर्वी काही आठवडे आत दडलेली असते, एवढा काळ त्यात मिळवावा लागतो. तुमच्या अंगठ्यावरील खाच सध्या मुळापासून आठ-नऊ मिलिमीटरवर असेल, तर ती डेंग्यूच्या काळाशी जुळते. नखमुळाचे काम पूर्णच थांबले, तर नख मुळाशी सुटून गळूनही पडते. लहान मुलांमध्ये हात-पाय-तोंड या विषाणूजन्य आजारानंतर महिना-दोन महिन्यांनी असे घडते आणि पालक अकारण घाबरून जातात.

या खाचेवर उपचार लागत नाही, कारण वाढणाऱ्या नखाबरोबर ती पुढे जाऊन कापली जाईल. तिचा कॅल्शियमशी संबंध नाही. नखांवर अधूनमधून दिसणारे पांढरे ठिपकेसुद्धा बहुधा नखमुळाला बसलेल्या किरकोळ धक्क्यांचे असतात. बायोटिन घेतच असाल, तर रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगा, कारण थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही चाचण्यांचे निकाल त्यामुळे चुकीचे येऊ शकतात. एक वेगळी खूण मात्र ओळखून ठेवावी. नखावर आडव्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या असतील, हाताला खाच लागत नसेल, दाबल्यावर पट्टे नाहीसे होत असतील आणि महिनाभराने पाहिले तरी ते पुढे सरकलेले नसतील, तर दोष नखात नसून नखाखालच्या त्वचेत असतो. रॉबर्ट म्युर्के यांनी १९५६ मध्ये हे पट्टे रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन फार कमी झालेल्या रुग्णांत दाखवून दिले. अशा वेळी लघवीतील प्रथिने आणि यकृताचे कार्य तपासून घेणे आवश्यक ठरते.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. उजव्या अंगठ्याच्या नखावर दोन वर्षांपासून मुळापासून टोकापर्यंत एक उभी काळी रेघ आहे. इंटरनेटवर वाचल्यापासून कर्करोगाच्या भीतीने झोप लागत नाही. मी पूर्ण शाकाहारी आहे. (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : तुमची भीती समजण्यासारखी आहे आणि तिचे उत्तर ‘काही नसते’ असे देऊन चालणार नाही. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाच्या लोकांत वयानुसार नखांवर अशा उभ्या रेघा येणे सामान्य आहे, पण त्या बहुधा एकापेक्षा जास्त बोटांवर असतात, सरळ आणि समान रुंदीच्या असतात आणि वर्षानुवर्षे तशाच राहतात. म्हणून प्रथम उरलेली एकोणीस नखे उजेडात नीट पाहा. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही नखे काळसर होतात. त्यासोबत बोटांच्या सांध्यांवरची त्वचा आणि तळहातांवरच्या रेषा काळवंडलेल्या असतात, आणि उपचारानंतर हे सारे काही महिन्यांत निवळते. तुम्ही शाकाहारी असल्यामुळे ही तपासणी करून घ्यावी. हायड्रॉक्सियुरिया, झिडोव्हुडिन आणि काही केमोथेरपीची औषधे हेही एक कारण असते.

काळजी वाढवणारी लक्षणे अशी, की रेघ एकाच नखावर आहे, त्यातही अंगठ्यावर किंवा पायाच्या अंगठ्यावर. ती तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आहे. तिच्यात तपकिरी-काळ्या छटा मिसळलेल्या आहेत आणि कडा अस्पष्ट आहेत. ती गेल्या काही महिन्यांत वाढली आहे. किंवा मुळाशी रुंद आणि टोकाकडे अरुंद आहे. या शेवटच्या लक्षणाचा अर्थ नख वाढण्याच्या पद्धतीतून उलगडतो. टोकाचा भाग काही महिन्यांपूर्वी तयार झालेला असतो आणि मुळाचा आज, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा समूह मधल्या काळात पसरत गेला. रंग नखाबाहेर पडून मुळाच्या किंवा कडेच्या त्वचेवर उतरला असेल, तर ती ‘हचिन्सनची खूण’ होय, आणि ती दिसताच विलंब करू नये. जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने १८८६ मध्ये नखाच्या मेलानोमाकडे, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींच्या कर्करोगाकडे, लक्ष वेधले. नखमुळाकडची पातळ त्वचा पारदर्शक असल्यामुळे खालचा रंग कधी कधी नुसताच आरपार दिसतो. हा फरक डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहावा लागतो, मोबाइलवरच्या छायाचित्रावरून तो ठरवता येत नाही.

मार लागून साकळलेले रक्तही काळे दिसते. त्याचा आकार सहसा गोलसर असतो, आणि नख वाढते तसे त्याच्यामागून स्वच्छ नख बाहेर येऊ लागते. मात्र ‘मार लागला होता’ या आठवणीवर विसंबू नये. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची जखम आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९७७ मध्ये ती मेलानोमा निघाली आणि १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे मेलानोमा एकूण कमी आढळतो, पण जो आढळतो तो तळपाय, तळहात आणि नखे या जागी असण्याचे प्रमाण मोठे आहे. तुमच्या पत्रात रुंदीचा किंवा बदलाचा उल्लेख नाही. अंगठ्यावर एकटीच रेघ आहे, एवढे कारण त्वचारोगतज्ज्ञांना पुढील पंधरवड्यात दाखवण्यास पुरेसे आहे. त्यांना शंका वाटल्यास रंग जिथून निघतो त्या नखमुळातून तुकडा काढून तपासतात. पुढचे नख कापून तपासल्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या दोन्ही गालांवर फिकट डाग आहेत आणि दंडावर एक मोठा फिकट चट्टा आहे. जंतांचे औषध दोनदा देऊन झाले. एका नातेवाइकांनी कुष्ठरोगाची शंका काढल्यामुळे घरात सारेच अस्वस्थ आहेत. (एक वाचक भगिनी, चंद्रपूर)

उत्तर : गालावरचे आणि दंडावरचे डाग यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. शाळकरी मुलांच्या गालांवर दिसणारे, अस्पष्ट कडांचे, किंचित कोरडे आणि खरखरीत डाग त्वचेच्या कोरडेपणाशी संबंधित असतात. उन्हाने भोवतालची त्वचा काळवंडली की ते जास्त उठून दिसतात. जंतांशी त्यांचा संबंध नाही. साधे मॉइश्चरायझर आणि वेळ यांनी ते जातात. छाती-पाठीवरच्या डागावर नखाने हलकेच ओरखडल्यावर पिठासारखा कोंडा सुटला, तर ती शिबं, म्हणजे बुरशी. कोडाचा डाग फिकट नसून दुधासारखा पांढरा असतो आणि त्याच्या कडा स्पष्ट असतात.

दंडावरच्या चट्ट्याची तपासणी मात्र वेळ देऊन करायला हवी. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, पूर्ण पांढरा नसतो. त्यावर घाम कमी येतो, लव विरळ झालेली असते, आणि मुख्य म्हणजे तिथली संवेदना कमी झालेली असते. मुलाला आधी खेळासारखे समजावून सांगा, मग त्याचे डोळे मिटवून कापसाच्या बारीक टोकाने कधी निरोगी त्वचेवर, कधी चट्ट्यावर स्पर्श करा आणि जिथे कळेल तिथे बोट ठेवायला सांगा. निरोगी त्वचेवर तो अचूक बोट ठेवत असेल आणि चट्ट्यावर चुकत असेल, तर शंका बळावते. गालावर ही परीक्षा भरवशाची नसते, कारण चेहऱ्याला चेतातंतूंचा पुरवठा भरपूर असल्यामुळे तिथल्या चट्ट्यात संवेदना बराच काळ टिकते. डॉक्टर याखेरीज कोपराच्या मागची नस चाचपून ती जाड किंवा दुखरी झाली आहे का ते पाहतात. इथे परीक्षण करणाऱ्या हाताचे महत्त्व फार आहे, कारण थोडे चट्टे असलेल्या प्रकारात त्वचेच्या द्रवात जंतू सहसा सापडत नाहीत. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ म्हणून संवेदना गेलेला चट्टा सोडून देता येत नाही.

आणि समजा निदान झालेच, तर घरात भीतीला जागा देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत या रोगाचा जंतू शोधला, तेव्हा उपचार नव्हता. आज बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो, तो रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो, आणि औषध सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता लवकरच उरत नाही. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, पण नवे रुग्ण आजही आढळतात आणि त्यांत मुलेही असतात. नस कायमची निकामी होण्यापूर्वी औषध सुरू झाले, तर बोटे वाकडी होण्याचे कारण राहत नाही.

प्रश्न : पायाच्या नखांना बुरशी म्हणून सहा महिने गोळ्या घेतल्या, तरी नखे जाड आणि पिवळीच आहेत. हाताच्या नखांवर बारीक खड्डे आहेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गोळ्या सुरू करण्यापूर्वी नखाचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला होता का? जाड, पिवळी दिसणारी नखे सर्वच वेळी बुरशीची नसतात. हाताच्या नखांवरील टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, नखाखाली तेलकट तांबूस डाग आणि टोकाकडून सुटू लागलेले नख ही सोरायसिसची लक्षणे आहेत. टाळूवर, कानामागे, कोपरांवर आणि बेंबीत पापुद्रे आहेत का ते पाहा. बोटांचे शेवटचे सांधे सकाळी ताठरत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण सोरायसिसचा संधिवात वेळीच ओळखला तर सांधे वाचतात.

प्रश्न : माझे वडील शेतकरी आहेत. तीन वर्षांपासून त्यांच्या चेहऱ्याला आणि मानेला खाज येऊन त्वचा जाड, काळी झाली आहे. उन्हाची ॲलर्जी म्हणून टोपी आणि क्रीम वापरतात, पावसाळ्यात तरीही वाढते. (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : वडिलांना उजेडात बसवा आणि चार जागा पाहा : वरच्या पापण्या, कानांच्या मागची बाजू, हनुवटीखालचा भाग आणि मानेच्या घड्यांचा तळ. या जागांवर ऊन थेट पोहोचत नाही, त्यामुळे उन्हाच्या ॲलर्जीत त्या बहुधा सुटतात. हवेतून उडून बसणाऱ्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर नेमक्या याच जागी धूळ साठत असल्यामुळे त्या जास्त बिघडतात. कोपराच्या आतल्या घड्याही त्यात सापडतात. तुमच्या वर्णनावरून, विशेषतः पावसाळ्यातील वाढीवरून, माझा पहिला संशय गाजर गवतावर आहे. काँग्रेस गवत या नावाने सर्वांना ठाऊक असलेली ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात नजरेस आली आणि पुढे देशभर पसरली. तिच्यातील पार्थेनिन हे रसायन त्वचेला संवेदनशील बनवते. पाठीवर पट्टी चिकटवून केलेली पॅच टेस्ट दोन दिवसांनी आणि पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमारास वाचली की शंका दूर होते.

ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा पूर्ण जात नाही, आणि काही रुग्णांत पुढे खरोखरीच उन्हाचाही त्रास जोडला जातो. म्हणून वडिलांनी हे गवत स्वतः उपटू नये; घरच्या इतरांनी ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून काढावे. शेतातून आल्याबरोबर अंघोळ करावी आणि कपडे वेगळे धुवावेत. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम चेहऱ्यावर लावणे मात्र आजच थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. कमरेवर परकराच्या नाडीच्या जागी त्वचा काळी, जाड झाली आहे आणि डाव्या बाजूला एक जखम दोन महिने भरत नाही. (एक वाचक भगिनी, लातूर)

उत्तर : काळसर जाड पट्टा घर्षणाचा आहे आणि तो असंख्य स्त्रियांच्या कमरेवर असतो, तेवढ्यासाठी घाबरू नये. दोन महिने न भरणारी जखम ही मात्र वेगळी गोष्ट आहे. डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच घट्ट नेसलेल्या धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे मुंबईतील डॉक्टरांनी साडीमुळे झालेल्या अशाच कर्करोगाचे वर्णन केले, आणि २०२४ मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची उदाहरणे प्रसिद्ध केली. त्यांतील एक परकर न घालता घट्ट लुगडे नेसणारी होती. हे क्वचितच घडते, पण जखमेची कड उंचावलेली किंवा टणक असेल, स्पर्श होताच रक्त येत असेल, तर कडेचा तुकडा काढून तपासणे अटळ आहे. तुमच्या आईच्या बाबतीत दोन महिने उलटले असल्यामुळे मी ही तपासणी लगेच करण्याचाच सल्ला देईन. दरम्यान नाडीऐवजी रुंद, सैल पट्टा वापरावा आणि गाठ रोज वेगळ्या जागी बांधावी.

प्रश्न : शेगाव तालुक्यात आधी केस गेले आणि काही महिन्यांनी नखे गळाली, असे कसे? आमच्या नात्यात एकाला हा त्रास झाला. (एक वाचक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये काही गावांत अवघ्या काही दिवसांत लोकांना टक्कल पडले, आणि एप्रिलच्या सुमारास नखे पांढरी, ठिसूळ होऊन गळू लागली. दोन घटनांमधील हे अंतर नैसर्गिक आहे. डोक्यावरचे बहुतेक केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात आणि विषारी द्रव्याने वाढ थांबली की ते लगेच तुटतात. नखमुळाला झालेली इजा मात्र नखाच्या संथ वाढीमुळे आठवड्यांनी, महिन्यांनी बाहेर दिसते. एकाच परिसरातील लहानथोरांना एकदम असे झाले, ही गोष्ट निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होती. चाई किंवा बुरशी अशी पसरत नाही. असे झाले की पाणी आणि अन्न यांकडे पाहावे लागते. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेले आढळले आणि त्यांनी रेशनवरील गव्हाकडे बोट दाखवले. चीनमधील हुबेई प्रांतातील एन्शी येथे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात असेच घडले होते. तिथेही अन्नातून आलेल्या सेलेनियममुळे गावकऱ्यांचे केस आणि नखे गेली.

सेलेनियमचा स्रोत थांबला की केस आणि नखे परत येतात. तुमच्या नातेवाइकांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी : केस वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असते, तेव्हा डब्यावरची यादी वाचल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.

प्रश्न : माझे वय ५८. तीस वर्षे विडी ओढतो. बोटांची टोके फुगून नखे गोल झाली आहेत, दुखत काही नाही. दमा असल्यामुळे असे होते का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दोन्ही हातांची एकच बोटे, उदाहरणार्थ दोन्ही तर्जन्या, नखाला नख आणि शेवटच्या पेराला पेर लावून उजेडासमोर धरा. निरोगी बोटांत नखांच्या मुळाशी एक छोटी चौकटच्या आकाराची फट दिसते. ती बुजली असेल, तर बोटे खरोखर फुगलेली आहेत. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग झाला असताना ही खूण स्वतःच्याच बोटांवर दिसली आणि १९७६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. जन्मजात हृदयदोष, फुप्फुसातील जुना पू, फुप्फुसाचे काठिण्य, यकृताचे काही आजार यांतही बोटे अशी होतात. दम्याने किंवा धूम्रपानामुळे होणाऱ्या श्वासनलिकेच्या जुनाट विकाराने मात्र ती होत नाहीत, म्हणूनच विडी ओढणाऱ्या माणसात ही खूण दिसली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. फट बुजलेली असेल, तर याच आठवड्यात छातीचा एक्स-रे काढा आणि तो साधा दिसला तरी सीटी स्कॅनबद्दल छातीरोगतज्ज्ञांना विचारा.